उमेदवारीचा कागद



ह्या स्मरणिकेसाठी आपल्या शिवणवर्गाचा इतिहास लिहून द्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले होते आणि मी तो लिहावयास घेतलाही होता. परंतु गेल्या श्रावणात, मंगळागौरीच्या तयारीची गडबड चालू असताना, आपल्याच आळीतील एक बाई मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारून गेल्या, आणि तेव्हापासून शिवणवर्गाचा इतिहास मागे पडला तो पडलाच.

त्यांची मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आपण सगळे ज्याला आय.टी.आय. म्हणतो तेथून, वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडली होती. पुढे मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या एका लहान कारखान्यात ती दहा महिने जात होती. मालकांनी सांगितले होते, “उमेदवारी कर, हात बसला की पाहू.” बसभाड्यापुरते पैसे मिळत. एके दिवशी वार्निशाच्या भट्टीपाशी तिचा हात भाजला. पंधरा दिवस घरी राहून ती परत गेली, तो तिच्या जागी दुसरा मुलगा बसलेला. औषधपाण्याचा खर्च मागावयास वडील गेले, तर उत्तर मिळाले की हजेरीपटावर ह्या नावाची मुलगी आमच्याकडे कधी नव्हतीच. आणि ते अक्षरशः खरे होते; पटावर तिचे नाव खरोखरच नव्हते! आई मला विचारीत होत्या, “बाई, पैशाचे जाऊ द्या. पण पोरगी दहा महिने शिकली, त्याचा कागद कुठून मिळेल?”

मी तीस वर्षे शाळेत शिकवले, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून पुस्तके चाळली, सरकारी कचेरीत दोनचार खेपा घातल्या, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

आपला ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. आज हा शब्द ऐकला की निवडणूक डोळ्यांपुढे येते. पण आपल्या आजोबांच्या पिढीत कचेरीत बिनपगारी कारकुनी करीत, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला उमेदवार म्हणत. शब्द मोठा गोड आहे, पण त्यात वचन कुणाचेच नाही. आशा करणाऱ्याने आशा करावी, एवढेच त्यात आहे. त्या कारखान्याच्या मालकांनी शब्द अगदी बरोबर वापरला होता, असे म्हणावे लागते.

त्यापूर्वी कारागिरीचे शिक्षण घरातच होई. सुताराचा मुलगा सुताराच्या हाताखाली, कासाराचा कासाराच्या. जातीच्या भिंती एवढ्या उंच होत्या की बाहेरच्याला शिकवण्याचा प्रश्नच फारसा येत नसे, आणि आला तर तो मोडीत निघे. आणि मुलींचे काय? मुली शिकत नव्हत्या असे मुळीच नाही. सोलापूर-इचलकरंजीकडे मागाच्या घरात कांड्या भरावयाचे काम बायकामुलींचे. कांडी भरली नाही तर धोटा कशावर चालणार? पण कारागीर म्हणून नाव लागे ते मागावर बसणाऱ्याचे. कांडी भरणारी ती नुसती घरातली बाई. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे कारखाने आले तेव्हा हीच समजूत यंत्रांबरोबर आत शिरली.

उमेदवारीला कागदाची जोड मिळाली ती इंग्लंडात. तेथे उस्ताद आणि शिष्य ह्यांच्यातील करार एकाच चामड्यावर दोनदा लिहून मध्ये दातेरी रेघेने कापीत, व दोघांनी एकेक अर्धा भाग जवळ ठेवावा. तंटा झाला तर दोन्ही भागांचे दाते जुळवून पाहावयाचे; जुळले तर कागद खरा. एलिझाबेथ राणीच्या काळी, १५६३ साली, तेथे असा कायदाच झाला की सात वर्षे उमेदवारी केल्याविना कुणी धंदा करू नये. अडीचशे वर्षांनी, १८१४ साली, ती अट रद्द झाली. मधल्या काळात कागदाची दुसरी बाजूही लोकांना दिसली होती. अनाथ व गरीब मुलांना गावोगावच्या धर्मादाय अधिकाऱ्यांनी ‘उमेदवार’ म्हणून कापडगिरण्यांकडे बांधून द्यावे आणि गिरणीवाल्यांनी त्यांना रात्रंदिवस राबवावे, असा प्रकार सुरू झाला. १८०२ साली तेथील पार्लमेंटाने कायदा करून अशा मुलांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले, आणि त्यांना लिहावाचावयास शिकवावे असे सांगितले. बारा तास ही सवलत होती, ह्यावरून आधी काय असेल त्याची कल्पना करावी! तात्पर्य, कागद असला म्हणजे सारे साधले असे नाही. त्या कागदात काय लिहिले आहे आणि त्यावर नजर कोण ठेवतो, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे पहिला कायदा कंपनी सरकारने १८५० साली केला. तो मुळात अनाथ व धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांसाठी होता. दहा ते अठरा वर्षांच्या आतील मुलास त्याच्या बापाने किंवा पालकाने एखाद्या धंद्यास बांधून द्यावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी, आणि मूल एकवीस वर्षांचे झाले की करार संपावा, असे त्यात होते. मुलींसाठी मात्र एक निराळे कलम होते. मुलीचा करार तिच्या लग्नापर्यंतच! मी ते वाक्य दोनदा वाचले. त्या काळी आपल्याकडे मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. आणि कायदा दहाव्या वर्षापुढे करार करू देणार. म्हणजे दार उघडण्यापूर्वीच ते बंद झालेले. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. त्यांनी बहुधा ह्यावर विचारच केला नसेल. तो कायदा शंभरांहून अधिक वर्षे कागदोपत्री चालू राहिला.

प्रत्यक्षात मुंबईत निराळीच शाळा चालू होती. माझगाव आणि फोर्टाच्या बाजूस वाडिया घराण्याचे जहाजबांधणीचे काम १७३६ पासून पिढ्यान् पिढ्या चालले होते. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. पण वाफेची यंत्रे आली, तसे त्या घराण्यातील तरुणांच्या लक्षात आले की केवळ घरच्या विद्येवर आता भागणार नाही. म्हणून १८३८ साली जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे इंग्लंडला गेले आणि तेथील चॅटमच्या सरकारी गोदीत राहून जहाजबांधणी शिकले. ज्यांच्या वाडवडिलांनी इंग्रजांना जहाजे बांधून दिली, त्यांनी इंग्रजांच्या गोदीत शिकाऊ म्हणून उभे राहण्यात कमीपणा मानला नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि मागोमाग रेल्वेचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. तेथे उमेदवारीची पद्धत इंग्लंडासारखीच होती. पण वरच्या जागांपर्यंत नेणारी उमेदवारी बराच काळ गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांच्याच वाट्यास येई. आपल्या मुलांनी हातोडा मारावा आणि आराखडा दुसऱ्याने वाचावा, असा हा प्रकार. ही कोंडी फोडण्यासाठी ज्या संस्था निघाल्या त्यांत १८८७ ची मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा (१९९७ पासून हिचे नाव वीरमाता जिजाबाई असे झाले, हे आपणांस ठाऊक असेलच) आणि १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांनी बडोद्यास काढलेले कलाभवन ही दोन नावे घेतलीच पाहिजेत. ज्युबिली तंत्रशाळेतच लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शेतकऱ्यांची मुले तेथे नांगर ओतता ओतता कारागीर झाली. त्याच वाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले, ज्याचे जुने अंक आपल्या मंडळाच्या कपाटात कोपऱ्यात आहेत.

गिरण्यांची गोष्ट मात्र फार वेगळी. मुंबईच्या गिरण्यांत बायका पुष्कळ होत्या, मुख्यतः वाइंडिंग व रीळिंग खात्यांत. त्यांना कामावर घेणारी, शिकवणारी आणि काढणारी एकच बाई असे, तिला नायकीण म्हणत. पुरुषांत तोच जॉबर. नवी मुलगी आली की मावशीच्या नाहीतर शेजारणीच्या शेजारी उभी राहून तिने फुकट शिकावे, आणि नाव लागावे म्हणून नायकिणीला दस्तुरी द्यावी. कसलीही नोंद नाही. मजूर कमिशनने १९३१ च्या अहवालात ह्या जॉबरपद्धतीवर कडक टीका केली, आणि १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत गिरणीमालक संघाने सुरू केली. पण तोवर बायकांच्या जागा कमी होऊ लागल्या होत्या. रात्रपाळीस स्त्रियांना बंदी झाली, १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, नवी यंत्रे आली. ह्यातील पहिल्या दोन गोष्टी बायकांच्या भल्यासाठीच होत्या. पण मालकांनी हिशेब असा केला की मग बाई ठेवाच कशाला! ज्यांच्या हातात शिकल्याचा कागद नव्हता, त्या दुसऱ्या खात्यात जाऊ शकल्या नाहीत.

स्त्रियांना पद्धतशीर धंदा शिकवण्याचे काम त्या काळी केले ते बायकांच्याच संस्थांनी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात विधवा व दुष्काळात सापडलेल्या मुलींना विणकाम, तेलघाणा, शेती शिकवली. एवढेच नव्हे तर छापखाना काढून खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सर्व कामे त्यांच्या हाती दिली. रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने शिवण, परिचर्या हे मार्ग दाखवले. पुढे गावोगावच्या महिलामंडळांनी सेवासदनाचा कित्ता गिरवला. आपणही तोच गिरवला. फक्त एक गोष्ट कबूल केली पाहिजे की केडगावचा छापखाना कुणीच गिरवला नाही. आपण शिवण, भरतकाम, पापड आणि मसाले ह्यांपुढे गेलो नाही. शिवणवर्गाने किती घरे सावरली हे मला ठाऊक आहे, मी त्याला कमी लेखीत नाही. पण हातात पक्कड घेऊ पाहणाऱ्या मुलीला देण्यासारखे आपल्यापाशी काही नव्हते.

आता एका बाईची हकीकत सांगते. ती महाराष्ट्रातील नव्हे, मद्रासकडची. ए. ललिता हे तिचे नाव. जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. तिचे वडील मद्रासजवळच्या गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी मुलीला १९४० साली त्याच कॉलेजात घातले. तोवर तेथे एकही मुलगी नव्हती. १९४३ साली ती विजेच्या शाखेची पदवीधर झाली. आपल्या देशातील पहिल्या स्त्री इंजिनियर म्हणून तिचे नाव घेतले जाते. पदवीपत्राचा छापील नमुना पुरुषांसाठीच असल्याने त्यातील ‘तो’ खोडून हाताने ‘ती’ लिहावे लागले होते, असे सांगतात. पण मला महत्त्वाचे वाटते ते ह्यानंतरचे. पदवीसाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा, तो तिने बिहारातील जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात एक वर्ष उमेदवारी करून मिळवला. जमालपूर म्हणजे १८६२ पासूनचा, जेथे वाफेची इंजिने उघडून जोडली जात तो कारखाना. तेथे एक तरुण विधवा वर्षभर शिकते आणि रीतसर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते! पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या कामावर तिचा हात लागला. वडील प्राध्यापक नसते तर हे दार उघडले असते का, हा प्रश्न मनात येतो. नसते उघडले, असेच मला वाटते. ज्यांचे वडील प्राध्यापक नाहीत त्यांच्यासाठी म्हणूनच कायदा लागतो.

तो कायदा १९६१ साली आला. शिकाऊ उमेदवारी कायदा हे त्याचे नाव. १८५० चा जुना कायदा त्याने रद्द झाला, आणि मुलीच्या लग्नाचे ते कलमही त्याबरोबर गेले. नव्या कायद्यात वय चौदा पूर्ण हवे, एवढेच. मुलगा की मुलगी, लग्न झालेली की न झालेली, हे त्यात कोठेही विचारलेले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने मात्र स्त्रियांना रात्रीचे काम आणि चालत्या यंत्राला तेल घालण्यासारखी कामे मना केली होती, त्यामुळे कित्येक मालकांना मुलींना नाही म्हणावयास आयते निमित्त मिळे. १९८९ साली सातारच्या सुरेखा यादव रेल्वेत सहायक चालक झाल्या, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. त्या २०२५ साली निवृत्त झाल्या, आणि आता आगगाडी चालवणारी बाई दिसली तर कुणी मान वळवून पाहत नाही.

कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक आईने जाणून घ्याव्यात अशा आहेत. मालक व उमेदवार ह्यांच्यात लेखी करार झाला पाहिजे. मुलगी अठराच्या आतील असेल तर पालकाची सही लागते. तो करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवला गेला पाहिजे. ही नोंद हाच सगळ्याचा कणा आहे. नोंद झाली की दरमहा विद्यावेतन देणे मालकाला भाग आहे, आणि ते नगावर देता येत नाही. जितके नग काढशील तितके पैसे, असे म्हणता येत नाही. काम करता करता इजा झाली तर भरपाई मालकाने द्यावयाची. जादा तास सल्लागाराच्या परवानगीशिवाय नाहीत. मुदत संपल्यावर परीक्षा, आणि उत्तीर्ण झाल्यास देशभर चालणारे प्रमाणपत्र. एक गोष्ट मात्र कायदा देत नाही, ती म्हणजे नोकरी. उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, असे कायदा स्पष्ट म्हणतो. आणि शिकून झाल्यावर त्याला ठेवून घेण्याची सक्ती मालकावर नाही. पुष्कळ घरांत ह्याबद्दल गैरसमज होतो आणि मग निराशा येते.

पुढे ह्या कायद्यात बदल होत गेले. १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक इंजिनियर त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना होणारी तुरुंगाची शिक्षा काढून दंडावर भागवले, आणि सारा व्यवहार संगणकावर नेला. तुरुंग काढला हे बरे की वाईट, ह्यावर माझे आणि आमच्या घरातील मंडळींचे एकमत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने योजना काढून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, स्वतः सोसावयाचे ठरवले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने शेकडा अडीच ते पंधरा ह्या प्रमाणात उमेदवार घेतलेच पाहिजेत असे केले, आणि किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना पाच हजार ते नऊ हजार ठरवले. हे आकडे बदलत असतात, तेव्हा करार करताना त्या दिवशीचा आकडा विचारून घ्यावा.

मग जागा शोधावी कशी? मी स्वतः त्या मुलीबरोबर बसून हे केले, म्हणून सांगते. सरकारच्या ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ ह्या संकेतस्थळावर आधी मुलीचे नाव नोंदवून क्रमांक घ्यावयाचा. त्याला दहावीची गुणपत्रिका, आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँकखाते लागते. सरकारचा हिस्सा २०२३ पासून थेट खात्यात येतो, त्यामुळे वडिलांच्या खात्यावर काम होत नाही. तेथे कोणत्या आस्थापनेत किती जागा आहेत ते दिसते. रेल्वे, गोद्या, वीजकंपन्या आपल्या जाहिराती वेगळ्या काढतात, त्यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय जिल्ह्याच्या सरकारी आय.टी.आय.मध्ये उमेदवारीचा विभाग असतो. तेथे समक्ष जावे. यादीत ‘कातारी’, ‘जोडारी’, ‘संधाता’ असे शब्द दिसले तर घाबरू नये. ते आपले टर्नर, फिटर आणि वेल्डरच. कारखान्यात हे शब्द कुणी उच्चारीत नाही, पण अर्ज भरताना चुकीच्या चौकटीत खूण केली की महिना वाया जातो. आमचा एकदा गेला.

आणि एखाद्या ठिकाणी “आधी दोन महिने काम करून दाखव, मग करार करू” असे म्हणाले, तर चहा पिऊन नमस्कार करावा आणि निघावे. तीन ठिकाणी आम्ही तसे केले. एका ठिकाणी मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही असे कारण सांगितले. ते खरे होते, त्यामुळे भांडताही येईना. पाचव्या ठिकाणी, औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम कारखान्यात, तेथील देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी मुलीला एक जळलेली मोटार दिली आणि काय झाले आहे ते सांग म्हणाले. तिने सांगितले. भाजलेल्या हाताची खूण त्यांना दिसली असावी. त्यांनी काही विचारले नाही.

दहा महिन्यांच्या त्या पहिल्या कामाचा कागद मात्र काही मिळाला नाही. मिळणारही नाही; न नोंदलेल्या उमेदवारीला कायद्यात जागा नाही, हे मला तिच्या आईला सांगावे लागले. नवा करार एका वर्षाचा आहे आणि तो रीतसर नोंदला गेला आहे. त्याची एक प्रत आईने देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली आहे, आणि दुसरी, माझ्या आग्रहावरून, मंडळाच्या कपाटात, ‘स्त्री’च्या जुन्या अंकांशेजारी. दर गुरुवारी चार ते सहा मी तेथेच असते. ज्यांच्या मुलींना फॉर्म भरावयाचा असेल त्यांनी बँकेचे पासबुक आठवणीने बरोबर आणावे. मागच्या वेळी चौघींपैकी तिघी ते विसरून आल्या होत्या.